परीक्षा आपण देतो, इंग्रजीत मात्र घेतो

नोकरीच्या अर्जात, मुलाखतीत किंवा पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयाला लिहिलेल्या पत्रात आपल्या खान्देशातली मुलं एक वाक्य हटकून लिहितात : 'आय हॅव गिव्हन माय बी. कॉम. एक्झाम.' कर्ता आहे, क्रियापद आहे, काळही नीट जुळलेला आहे. तरीही भारताबाहेरच्या माणसाला यातून उलटाच अर्थ लागू शकतो. त्याला वाटेल, हा मुलगा शिक्षक असावा आणि त्यानं दुसऱ्या कुणाची तरी परीक्षा घेतली असावी. कारण इंग्रजीत परीक्षा 'गिव्ह' करतो तो शिक्षक आणि 'टेक' करतो तो विद्यार्थी. आपल्याकडे बरोबर याच्या उलट आहे. आपण परीक्षा देतो, मास्तर ती घेतात.

हा एवढासा उलटफेर नीट लक्षात आला, तर 'टेक' या क्रियापदाचं अर्धं कोडं सुटतं. बाकीचं अर्धं कोडं सोडवण्यासाठी हा लेख आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या विद्यापीठातून, म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून, दरवर्षी हजारो मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांतली बरीचशी मराठी माध्यमातली असतात, कित्येकांच्या घरात अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलली जाते. या मुलांची बुद्धी कमी पडत नाही आणि कष्टही कमी पडत नाहीत. त्यांना शाळेत 'टेक म्हणजे घेणे' एवढंच पाठ करायला लावलं जातं, तिथं घोळ सुरू होतो. 'टेक'ला मराठीत एक प्रतिशब्द नाही. त्याच्या जागी कधी 'घेणे' येतं, कधी 'नेणे', कधी 'लागणे', कधी 'काढणे' आणि कधी चक्क 'देणे'. म्हणून हे क्रियापद सुटं पाठ करू नका. ते ज्या नामाबरोबर येतं, त्या नामासकट पाठ करा. पुढचं सगळं विवेचन या एका सांगण्याभोवती फिरतं.

आधी परीक्षेचं पुरतं पाहू. मराठी मनाला परीक्षा म्हणजे उत्तरपत्रिका सोपवणं, म्हणून देणं. इंग्रजी मनाला परीक्षा म्हणजे समोर ठेवलेली गोष्ट आपल्यावर घेणं, जसं औषध घेतात तसं. तेव्हा लिहायचं असं : 'आय टुक माय फायनल एक्झाम्स इन मे.' ब्रिटनमध्ये 'आय सॅट द एक्झाम' असंही म्हणतात, आणि आपल्याकडच्या कार्यालयांत 'अपिअर्ड फॉर द एक्झाम' सर्रास चालतं. भारतातल्या भारतात 'अपिअर्ड फॉर' लिहायला काहीच हरकत नाही. पण सगळीकडे बिनधोक चालणारं क्रियापद हवं असेल तर ते 'टेक'च. आणि शिक्षकांच्या बाजूनं बोलायचं असेल तर 'द कॉलेज कंडक्टेड द एक्झाम' म्हणावं.

मुलाखतीची गंमत याहून बारीक आहे. आपण म्हणतो, 'साहेबांनी माझी मुलाखत घेतली,' 'मी मुलाखत दिली.' याचं शब्दशः इंग्रजी करून 'दे टुक माय इंटरव्ह्यू' आणि 'आय गेव्ह ॲन इंटरव्ह्यू' म्हटलं जातं. पहिलं वाक्य इंग्रजीत बसत नाही. दुसरं बसतं, पण त्याचा अर्थ असा होतो की एखाद्या नटानं किंवा पुढाऱ्यानं वर्तमानपत्राला मुलाखत दिली. उमेदवारानं म्हणायचं, 'आय हॅड ॲन इंटरव्ह्यू' किंवा 'आय वॉज इंटरव्ह्यूड बाय थ्री ऑफिसर्स.' इंग्रजीत 'इंटरव्ह्यू' हे स्वतःच क्रियापदही आहे, त्याला 'टेक'चा टेकू लागत नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मराठीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. तसं मुळीच नाही, आणि हे मी मुद्दाम ठासून सांगतो. कितीतरी ठिकाणी 'घेणे' आणि 'टेक' हातात हात घालून चालतात. श्वास घ्या, निर्णय घ्या, शपथ घ्या, जोखीम घ्या, रजा घ्या, औषध घ्या, सूड घ्या, आसरा घ्या, पुढाकार घ्या, भाग घ्या, काळजी घ्या, हजेरी घ्या, मेहनत घ्या. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत 'टेक' बसतं. गणिताच्या पेपरात कंसात सूचना असते, 'पायची किंमत बावीस सप्तमांश घ्या.' इंग्रजी माध्यमाच्या पेपरात त्याच जागी 'टेक' असतं. शिंपी सदऱ्याला टाचण्या लावत म्हणतो, 'बाजूनं अर्धा इंच आत घेतो'; इंग्रज शिंपीही 'टेक इन' असंच म्हणतो. तेव्हा मराठीतून इंग्रजीत जाताना भिऊ नका. तुमच्या भाषेनं निम्म्याहून जास्त वाट आधीच करून ठेवली आहे.

या जुळणाऱ्या जागी चूक होते ती भोवतीच्या लहान शब्दांत. 'भाग घेणे' म्हणजे 'टेक पार्ट', पण स्पर्धेत भाग घेणे म्हणजे 'टेक पार्ट इन'. 'ची काळजी घेणे' म्हणजे 'टेक केअर ऑफ'. जबाबदारी घेतली तर पुढे 'फॉर' येतं, सूड घेतला तर 'ऑन'. शिवाय काही ठिकाणी मध्ये 'अ' लागतो, काही ठिकाणी लागत नाही : 'टेक अ डिसिजन', 'टेक अ रिस्क', 'टेक ॲन ओथ', पण 'टेक पार्ट', 'टेक केअर', 'टेक रिव्हेंज'. याला नियम शोधत बसण्यात वेळ जातो. एकत्र ऐकलं तसं एकत्र म्हणत राहावं, म्हणजे जिभेवर बसतं.

आता ज्या वापरानं बोलण्यात खरा फरक पडतो, तिकडे वळू. 'जळगावहून धुळ्याला जायला किती वेळ लागतो?' पाळधी, एरंडोल, पारोळा करत जाणारा हा रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचा आहे. गाडीनं साधारण दोन तास धरा. हे इंग्रजीत सांगायला सांगितलं की मुलं अडखळतात आणि मग 'टू अवर्स आर रिक्वायर्ड' म्हणतात. अर्थ कळतो, पण वाक्य सरकारी टिपणीसारखं कोरडं वाटतं. इंग्रजी माणूस म्हणेल, 'इट टेक्स टू अवर्स.' इथं 'टेक' म्हणजे आपलं 'लागणे'. हा साचा एकदा हातात आला की बोलण्याला एकदम ओघ येतो, म्हणून तो जरा सावकाश बघू.

मराठीत ज्याला वेळ लागतो त्याला आपण 'ला' जोडतो : मला, आईला, ट्रकला. आणि वेळ स्वतः वाक्याचा कर्ता होऊन बसतो. इंग्रजीत कर्त्याच्या जागी एक रिकामा 'इट' बसवावा लागतो. माणूस सांगायचा असेल तर तो 'टेक'च्या लगेच पुढे येतो, त्याला काही जोडावं लागत नाही : 'इट टुक मी टू अवर्स.' मला दोन तास लागले. 'टु मी' म्हणायचं नाही, नुसतं 'मी'. पुढे काम सांगायचं असेल तर ते 'टु' लावून शेवटी : 'इट टुक मी टू अवर्स टु रीच धुळे.' प्रश्न विचारताना 'हाऊ लाँग' आधी आणि 'विल' किंवा 'डझ' लगेच त्याच्या मागे : 'हाऊ लाँग विल इट टेक?' आपली मुलं 'हाऊ मच टाइम इट विल टेक?' असं विचारतात. त्यात 'इट' आणि 'विल' यांची अदलाबदल केली तरी काम भागतं, पण 'हाऊ लाँग' जास्त सहज.

सराव आपल्या अवतीभवतीच्या गोष्टींवर करा. लागवडीपासून केळीचा घड काढणीला यायला साधारण वर्ष लागतं : 'इट टेक्स अबाउट अ इयर.' भरितासाठी वांगी भाजायला किती वेळ लागतो, स्टँडपासून घरापर्यंत किती, ओटीपी यायला किती, रावेरची केळी दिल्लीला पोचायला किती. रोजच्या दिवसातले प्रश्न याच एका साच्यात घालून बघा. वेळेशिवाय हिंमत, चिकाटी, माणसं हेही यात बसतं. 'या कामाला धाडस लागतं' म्हणजे 'इट टेक्स करेज'. एक कुंपण मात्र पाळा. पैसे लागतात तिथं 'टेक' येत नाही, 'कॉस्ट' येतं : 'इट कॉस्ट्स फाइव्ह हंड्रेड रुपीज.' आणि भूक लागते, ठेच लागते, नाद लागतो, तिथं तर 'टेक'चा संबंधच नाही.

दुसरी महत्त्वाची जागा 'नेणे'. 'आईला दवाखान्यात नेलं' याचं इंग्रजी 'आय टुक माय मदर टु द हॉस्पिटल.' आणि 'आणणे' म्हणजे 'ब्रिंग'. मराठीइतका हा फरक स्वच्छ पाळणाऱ्या भाषेत वाढूनही आपण इंग्रजीत गोंधळतो, कारण रोजच्या बोलण्यात 'आण' आणि 'ने' यांच्याऐवजी 'घेऊन ये' आणि 'घेऊन जा' जास्त येतं. अहिराणी घरांतही 'लई ये', 'लई जा' असतंच. दोन्हींत 'घेऊन' आहे, म्हणून मुलं दोन्हीकडे 'टेक' घालतात आणि फोनवर 'टेक युवर मार्कशीट अँड कम' असं वाक्य तयार होतं. उपाय सोपा आहे. वाक्य इंग्रजीत नेण्याआधी मनात 'घेऊन ये'चं 'आण' करा आणि 'घेऊन जा'चं 'ने' करा. 'येताना मार्कशीट आण' : 'ब्रिंग युवर मार्कशीट.' 'जाताना छत्री ने' : 'टेक ॲन अम्ब्रेला.' अगदी 'मी उद्या तुमच्याकडे येताना पुस्तक आणतो' यातही मराठीला जे सुचतं तेच इंग्रजीला सुचतं : 'आय विल ब्रिंग द बुक.' इथं आपली आईची भाषा व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा चांगली वाट दाखवते.

चहाबद्दल न लिहून चालणार नाही, कारण खान्देशात कुणी घरी आलं आणि चहा न घेता गेलं असं होत नाही. 'चहा घेणार का?' हे इंग्रजीत 'विल यू टेक टी?' असं जातं. चूक म्हणता येणार नाही, पण जुन्या वळणाचं वाटतं. आजचं सहज इंग्रजी 'विल यू हॅव सम टी?' जेवण, नाश्ता, चहा, सरबत या सगळ्यांना 'हॅव' लावा : 'आय हॅड माय लंच.' 'टेक' ठेवा गोळ्या-औषधांना. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर किंवा औषधाच्या पाकिटावर 'टु बी टेकन आफ्टर फूड' असतं, म्हणजे जेवणानंतर घ्यायचं. 'टेक विथ वॉटर' म्हणजे पाण्याबरोबर. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे वाचून दाखवताना 'बिफोर' आणि 'आफ्टर' दोनदा तपासा, हे भाषेच्या पलीकडचं काम आहे. साखरेपुरता मात्र अपवाद आहे. 'डू यू टेक शुगर?' म्हणजे तुम्हाला चहात साखर चालते का, हे अजूनही नेहमीचं.

शेतकरी घरातल्या मुलांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. आपण पीक 'घेतो'. कापसाचं पीक घेतलं, केळीचं उत्पादन घेतलं. मुलाखतीत 'वडील काय करतात?' असं विचारलं की तोंडून निघतं, 'माय फादर टेक्स कॉटन क्रॉप.' ऐकणाऱ्याला वाटेल, वडील दुसऱ्याच्या शेतातून कापूस उचलून नेतात. म्हणायचं, 'माय फादर ग्रोज कॉटन.' जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा 'वी ग्रो बनानाज इन जळगाव' हे वाक्य मान ताठ ठेवून म्हणायचं आहे, ते नेमक्या क्रियापदानं म्हणायला हवं. तसंच 'शिक्षण घेणे'. 'टेकिंग एज्युकेशन' आपल्याकडे खूप ऐकू येतं, पण 'स्टडीइंग' हा एक शब्द पुरतो. 'टुक ॲडमिशन'ही भारतात रुळलेलं आहे आणि इथल्या कामापुरतं मी त्यावर लाल खूण करत नाही. परदेशी विद्यापीठाला लिहायचं असेल तर 'आय एन्रोल्ड' लिहावं. सभा 'घेतो' तिथं 'होल्ड', जन्म 'घेतला' तिथं 'वॉज बॉर्न', शोध 'घेतला' तिथं 'सर्च्ड'. 'टेन्शन घेऊ नको' हे तर आता अस्सल मराठी झालंय. इंग्रजीत त्याला 'डोन्ट वरी' एवढंच म्हणतात.

मराठीत आणखी एक 'घेणे' आहे, जे दुसऱ्या क्रियापदाच्या शेपटीला लागतं : ऐकून घेणे, समजून घेणे, करून घेणे, जुळवून घेणे. यात हाती काही येत नाही. कामाचा रोख स्वतःकडे आहे एवढंच त्यातून कळतं. म्हणून इथं 'टेक' पूर्ण सोडून द्या. समजून घेणे म्हणजे 'अंडरस्टँड', ऐकून घेणे म्हणजे 'लिसन', आणि दुसऱ्याकडून काम करून घेणे म्हणजे 'गेट इट डन'. लिहून घेणे हा एकच नेहमीचा अपवाद आठवतो, त्याला 'टेक डाऊन' म्हणतात. पुढाऱ्याचं भाषण लिहून घेणारा बातमीदार, नंबर लिहून घेणारा कारकून, दोघंही 'टेक डाऊन' करतात.

उलट बाजूला, मराठीत 'घेणे' नसून इंग्रजीत 'टेक' येतं अशा जागा थोड्या आहेत, त्या पाठच करून टाका. फोटो आपण काढतो, ते 'टेक' करतात. टिपणं आपण काढतो, ते 'टेक नोट्स' म्हणतात. बसनं जाणं म्हणजे 'टेक अ बस'. डावीकडे वळा म्हणजे 'टेक अ लेफ्ट'. गृहीत धरणे म्हणजे 'टेक फॉर ग्रँटेड'. एखादी गोष्ट मनाला लागणे म्हणजे 'टेक इट टु हार्ट'. 'मनावर घेणे' मात्र वेगळं. एखाद्यानं अभ्यास मनावर घेतला तर तो 'टेक्स इट सिरियसली'. पाचातून दोन वजा करणे म्हणजे 'टेक टू फ्रॉम फाइव्ह'. एसटीत चढल्यावर खिडकीतून टाकलेला रुमाल दिसतो आणि आपण विचारतो, 'दादा, इथं कुणी बसलंय का?' हा सगळा प्रश्न इंग्रजीत चार शब्दांत होतो : 'इज धिस सीट टेकन?' 'टेकन' म्हणजे धरलेली, गेलेली.

बातम्या आणि अहवाल लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. 'टेक प्लेस' म्हणजे घडणे, पार पडणे. मराठीत आपण 'कार्यक्रम घेण्यात आला' असं लिहितो, त्या 'घेण्यात आला'च्या ओढीनं इंग्रजीत 'द प्रोग्राम वॉज टेकन प्लेस' उमटतं. महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत, राष्ट्रीय सेवा योजनेच्या अहवालांत हे वाक्य इतकं दिसतं की ते बरोबरच वाटायला लागलंय. 'टेक प्लेस'ला असा 'वॉज' कधीच लागत नाही, जसा मराठीत 'घडण्यात आलं' म्हणता येत नाही. लिहा, 'द प्रोग्राम टुक प्लेस ऑन मंडे.' 'घेण्यात आला' हाच अर्थ हवा असेल तर 'वॉज हेल्ड' लिहा.

'टेक'ला 'ऑफ', 'ऑन', 'अप', 'ओव्हर' असे शब्द चिकटले की अर्थ बदलतो. याच्या मोठमोठ्या याद्या बाजारात मिळतात, त्यातलं बरंचसं आधी लागत नाही. सुरुवातीला मोजकेच पुरे आहेत. विमान 'टेक ऑफ' करतं, आणि पायातली चप्पलही 'टेक ऑफ' करतात. नवे साहेब कारभार हाती घेतात ते 'टेक ओव्हर'. छंद किंवा एखादं काम हाती धरणे 'टेक अप'. माणूस कामावर ठेवणे किंवा अवघड काम अंगावर घेणे 'टेक ऑन'. बोललेला शब्द मागे घेणे 'टेक बॅक'. मुलगी आईवर गेली तर 'शी टेक्स आफ्टर हर मदर', इथं मराठीचं 'जाणे' इंग्रजीत 'घेणे' होतं. एवढे वापर दोन आठवडे बोलण्यात आणलेत, तर पुढचे वाचता वाचता आपोआप लागतात.

हे क्रियापद मुळात इंग्रजीचं नाहीच. हजार-अकराशे वर्षांपूर्वी डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन राहिले. त्यांच्या भाषेतला 'ताका' हा शब्द शेजाऱ्यांच्या तोंडी बसला आणि जुन्या इंग्रजीतलं 'निमन' हे घेण्याचं क्रियापद हळूहळू मागे पडलं. जर्मन भाषेत त्याचं भावंड 'नेमेन' आजही जिवंत आहे. बधिर या अर्थाचा 'नंब' हा इंग्रजी शब्द त्याच हरवलेल्या क्रियापदाची खूण आहे, अंगातली जाणीव 'घेतली गेली' असा त्याचा मूळ भाव. गुजराती, हिंदी, मराठी आणि भिल्ली बोली एकमेकींत मिसळलेल्या खान्देशात राहणाऱ्याला शेजाऱ्याचा शब्द घरातला होणं नवं वाटायचं कारण नाही.

क्रियापदांवर इतका भर का, असं विचाराल तर धुळ्याचंच उदाहरण देतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले, आणि त्यांच्या नावानं तिथं संशोधन मंडळ उभं राहिलं. कागदपत्रांसाठी गावोगाव फिरलेला हा माणूस मराठीच्या धातूंचाही तितकाच ध्यास घेऊन बसला होता. त्यांनी जमवलेल्या सामग्रीतून मराठी धातुकोश त्यांच्या पश्चात याच मंडळानं छापला. नामं बदलतात, नवी वस्तू आली की नवं नाम येतं. क्रियापदं मूठभर असतात आणि त्याच मुठीवर भाषा चालते. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशातही पानंच्या पानं व्यापणाऱ्या नोंदी 'सेट', 'रन', 'टेक', 'गो' अशा चिमुकल्या क्रियापदांच्या आहेत.

उच्चाराबद्दल थोडं. 'टेक'चा भूतकाळ 'टुक', त्यातला उकार तोकडा. आपण तो 'टूक' असा लांबवतो, कारण मराठीत फूल, मूल, दूध, सूत अशा शब्दांत शेवटच्या अक्षराआधीचा उकार दीर्घ असतो आणि जीभ त्याच वळणानं जाते. 'बुक', 'लुक', 'गुड' यांनाही तीच काळजी घ्या. तिसरं रूप 'टेकन', ते 'हॅव' किंवा 'वॉज' यांच्याबरोबरच येतं. 'आय टेकन' असं एकटं येत नाही.

अभ्यासासाठी एक दोनशे पानी वही पुरे. डाव्या पानावर मराठी वाक्य लिहा, तेही स्वतःच्या आयुष्यातलं : बाजार समिती, पीककर्ज, एसटीचा पास, लग्नाची हळद, जे रोजचं असेल ते. उजवं पान कोरं ठेवून दुसऱ्या दिवशी इंग्रजी लिहा, मग कोशात ताडून पाहा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आजोबांच्या पिढ्या तयार झाल्या त्या याच पद्धतीनं, वाक्यावर वाक्य घासून. कोश बघताना मराठी अर्थावर थांबू नका. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचे विद्यार्थ्यांसाठीचे कोश मोबाइलवर फुकट बघता येतात, त्यांत प्रत्येक अर्थाखाली उदाहरणाची वाक्यं असतात. ती वाचा, अर्थ नंतर. उलट दिशेनं जायचं असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खुला आहे. 1831 मध्ये पहिल्यांदा निघालेल्या आणि 1857 मध्ये वाढवून काढलेल्या या कोशात आपल्या क्रियापदांचे किती पदर सांगितलेत, ते 'घेणे', 'लागणे', 'काढणे' या नोंदी उघडून पाहा.

आता हे सगळं एका अर्जावर लावून बघू. नमुन्यादाखल मसुदा असा आहे : 'माय फादर टेक्स कॉटन क्रॉप. आय टुक माय एज्युकेशन इन मराठी मीडियम. आय हॅव गिव्हन माय बी. एस्सी. एक्झाम इन मे. माय इंटरव्ह्यू वॉज टेकन इन जून. वन मंथ इज रिक्वायर्ड टु मी फॉर जॉइनिंग.'

पहिल्या वाक्यात 'ग्रोज कॉटन' केलं की काम झालं. दुसऱ्यात 'आय स्टडीड इन अ मराठी मीडियम स्कूल'; ते लपवायचं काही कारण नाही, उलट स्पष्ट लिहावं. तिसऱ्यात 'आय टुक माय बी. एस्सी. एक्झाम्स इन मे'. महिना सांगितला आहे, म्हणून 'हॅव' काढून टाकायचा, साधा भूतकाळ ठेवायचा. चौथ्यात 'आय वॉज इंटरव्ह्यूड इन जून'. पाचव्यात 'इट विल टेक मी वन मंथ टु जॉइन' व्याकरणानं बरोबर होईल, पण नोकरी देणाऱ्याला 'आय कॅन जॉइन इन वन मंथ' जास्त आवडेल, कारण त्यात अडचणीऐवजी तयारी दिसते. मूळ मसुद्यात तीन ठिकाणी 'टेक' होतं आणि तिन्ही ठिकाणी ते काढावं लागलं. जिथं हवं होतं, त्या परीक्षेच्या वाक्यात ते नव्हतं, तिथं बसवलं. आणि अर्जाच्या शेवटी, सहीच्या वर, आभाराचं एक वाक्य जोडा : 'थँक यू फॉर टेकिंग द टाइम टु रीड माय ॲप्लिकेशन.'